मीटरच्या कोपऱ्यातला आकडा

(मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. एक, तू आयुष्यभर जे काम केलंस त्यावर बोल. दोन, कोणाला झोप आणू नकोस. माझं काम म्हणजे मीटर तपासणं. व्होल्टमीटर, ॲमीटर, मल्टिमीटर, विजेचे मीटर. लोक यांच्यावर विश्वास ठेवून निर्णय घेतात, आणि तो विश्वास किती ठेवावा हे आम्ही कॅलिब्रेशनवाले सांगतो. तेव्हा पहिली अट पाळली की दुसरी मोडण्याचा धोका आहे. नाश्त्याला मिसळ होती, त्यामुळे अर्धा तास तरी तुम्ही जागे राहाल असं धरून चालतो.

आपली विज्ञानाची प्रयोगशाळा आठवा. लाकडी कपाट, त्याला पितळी कुलूप, आणि किल्ली शिपाईमामांच्या कमरेला. ओहमच्या नियमाच्या प्रयोगाला चार जणांत मिळून एक व्होल्टमीटर मिळायचा. काळी पेटी, वर काच, आत काटा. काट्याखाली आरशाची एक बारीक पट्टी होती. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच रीडिंग घ्यायचं, हे सरांनी इतकं घोटून घेतलं होतं की अजूनही काटा दिसला की माझी मान आपोआप सरळ होते.

त्या डायलच्या खालच्या कोपऱ्यात काही बारीक चिन्हं होती. नालेचं चित्र, एक चांदणी, आणि एक आकडा : २.५. नाल म्हणजे आत चुंबक आणि फिरतं वेटोळं आहे. चांदणी म्हणजे उपकरणाचं विद्युतरोधन किती दाबाला तपासलंय त्याची खूण. आणि २.५ म्हणजे? हा प्रश्न आपल्यापैकी कोणी विचारला नाही. मीही नाही. तो न विचारल्याची किंमत पुढे एका माणसानं मोजली. तो माणूस मी नव्हतो. ती गोष्ट सांगण्यासाठीच मी आज उभा आहे, पण आधी तो आकडा समजून घेऊ.

२.५ हा त्या मीटरचा अचूकतेचा वर्ग. अर्थ असा की मीटर जास्तीत जास्त अडीच टक्क्यांनी चुकेल. पण कशाच्या अडीच टक्के? आपण काट्याखाली जे वाचलं त्याच्या नव्हे, तर पूर्ण डायलच्या. आपला व्होल्टमीटर ० ते १० व्होल्टचा होता. दहाचे अडीच टक्के म्हणजे पाव व्होल्ट. हा पाव व्होल्ट डायलवर सगळीकडे तेवढाच. काटा ९ वर असेल तर पाव व्होल्ट म्हणजे तीन टक्क्यांपेक्षा थोडं कमी, चालून जाईल. काटा दीडवर असेल तर तोच पाव व्होल्ट जवळजवळ १७ टक्के झाला. आणि १ व्होल्टवर असेल तर २५ टक्के.

आता आपली ओहमच्या नियमाची पहिली दोन रीडिंगं आठवा. एका सेलवर घेतलेली, काटा जेमतेम हललेला. ती रेषेत बसायची नाहीत. मग आपण काय करायचो? शेवटची दोन रीडिंगं खरी ठेवायची आणि पहिली दोन 'बसवायची'. जर्नलमध्ये आलेख असा सरळ यायचा की पट्टी लाजावी. माझ्या जर्नलमध्ये सरांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'इतकं सरळ कसं?' आणि अर्धा गुण कापला होता. सर, तेव्हा मला फार राग आला होता. ते तीन शब्द म्हणजे माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीचा सारांश होता, हे कळायला मला सात वर्षं लागली.

काट्याच्या मीटरचा धडा तेवढाच : काटा डायलच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात येईल अशी रेंज निवडा. घरच्या २३० व्होल्टसाठी ३०० व्होल्टचा मीटर चांगला. त्यावर १.५ लिहिलं असेल तर चूक साडेचार व्होल्टपर्यंत, म्हणजे २३० वर सुमारे दोन टक्के. तोच मीटर ३० व्होल्ट मोजायला वापरला तर चूक पंधरा टक्के. मीटर तोच, कोपऱ्यातला आकडाही तोच.

आता ती गोष्ट.

साल १९९३. डिप्लोमा करून मी एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायला होतो. टेबल, खुर्ची, आणि एक नवा कोरा डिजिटल मल्टिमीटर. काटा नाही, आरसा नाही, मान सरळ करायची गरज नाही. आकडा समोर येतो, दशांशचिन्हासकट. मला वाटायचं, इथे चुकायला जागाच नाही.

एमआयडीसीतल्या एका छोट्या गाळ्यातून २४ व्होल्टचे चाळीस पॉवर सप्लाय आले. आमची अट होती, २४ व्होल्ट, एक टक्का कमी-जास्त. म्हणजे २३.७६ ते २४.२४ च्या मध्ये. मी मीटर लावला. २४.४. दुसरा लावला, २४.४. तिसरा, २४.३. दहा तपासले आणि चाळीसच्या चाळीस परत पाठवले. कागदावर सही केली, शिक्का मारला. मनात थोडा अभिमानही होता की साहेबांच्या लक्षात येईल, पोरगा कडक आहे.

दोन दिवसांनी गाळ्याचा मालक आला. दारात उभा राहिला तेव्हा ओळख पटली. आपल्याच वर्गातला. शेवटच्या बाकावरचा. दहावीला विज्ञानात ३३ मिळून राहिलेला, ऑक्टोबरला सुटलेला, आयटीआय करून स्वतःच्या जिवावर गाळा घेतलेला. माझे साहेब शेजारी होते म्हणून तो मला 'साहेब' म्हणाला. त्याच्या हातात एक चांगला, माझ्यापेक्षा बराच महाग मीटर होता. त्यानं माझ्यासमोर एक सप्लाय जोडला. २४.१५. मी माझा लावला, २४.४.

मी म्हणालो, "तुमचा मीटर चुकीचा असेल."

त्यानं वाद घातला नाही. जाताना बाहेर, साहेब नसताना, एवढंच म्हणाला, "अरे, तुझ्या मीटरच्या डब्यात एक छोटं पुस्तक आलंय. ते वाच एकदा."

रात्री मी ते पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं : अचूकता, रीडिंगच्या ०.५ टक्के अधिक २ डिजिट.

इथे दोन मिनिटं गणित करावं लागेल. गणिताच्या बाई समोर आहेत, चुकलो तर थांबवतील. डिजिटल मीटरच्या चुकीचे दोन भाग असतात. पहिला भाग रीडिंगबरोबर वाढतो किंवा कमी होतो, तो टक्क्यांत. दुसरा भाग म्हणजे पडद्यावरच्या शेवटच्या अंकाची चूक, ती डिजिटमध्ये. '२ डिजिट' म्हणजे शेवटचा अंक दोननं इकडे-तिकडे होऊ शकतो. तो शेवटचा अंक किती व्होल्टचा आहे, हे रेंजवर ठरतं.

माझा मीटर साडेतीन अंकी, म्हणजे १९९९ पर्यंत मोजणारा. त्याच्या २० व्होल्टच्या रेंजवर जास्तीत जास्त १९.९९ दिसणार. २४ व्होल्ट तिथे मावत नाहीत. म्हणून मला २०० व्होल्टची रेंज लावावी लागली, आणि तिथे शेवटचा अंक ०.१ व्होल्टचा. आता बेरीज करा. २४.४ चे अर्धा टक्का, ०.१२. दोन डिजिट म्हणजे ०.२. एकूण ०.३२ व्होल्ट. म्हणजे मीटर २४.४ दाखवतो तेव्हा खरा दाब २४.०८ पासून २४.७२ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि तरीही मीटर बनवणाऱ्यानं दिलेला शब्द मोडलेला नसतो.

मला तपासायचं होतं ०.२४ व्होल्टच्या आतबाहेर. आणि माझ्या हातातलं साधन स्वतःच ०.३२ नं चुकू शकत होतं. गव्हाच्या तराजूवर सोनं तोलून मी सोनाराला चोर ठरवलं होतं.

त्याचा मीटर साडेचार अंकी होता. त्याच २०० व्होल्टच्या रेंजवर त्याचा शेवटचा अंक ०.०१ चा. त्याची अचूकता ०.०५ टक्के अधिक ३ डिजिट. म्हणजे ०.०१२ अधिक ०.०३, सगळी मिळून चूक ०.०४ च्या आसपास. त्याचे २४.१५ म्हणजे २४.११ ते २४.१९. मर्यादेच्या पूर्ण आत. माल चांगला होता. आणि गंमत बघा, दोन्ही मीटर निर्दोष होते. माझा मीटर खोटं बोलला नव्हता. तो किती चुकू शकतो हे त्यानं पुस्तकात आधीच सांगितलं होतं. मी विचारलं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक जुना दंडक आहे : ज्यानं तपासायचं, ते साधन तपासायच्या मर्यादेपेक्षा निदान चौपट चांगलं हवं. ०.२४ ची मर्यादा तपासायची तर साधनाची चूक ०.०६ च्या आत हवी. त्याच्या मीटरची होती. माझ्या मीटरला त्या मालाचा निकाल देण्याचा अधिकारच नव्हता.

आता जे सांगतो ते बत्तीस वर्षांत मी कोणाला सांगितलेलं नाही. हे गणित मला त्याच रात्री कळलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन 'मी चुकलो' म्हणायला हवं होतं. मी नवा होतो, नुकताच शाबासकी मिळालेला. आज सांगू, उद्या सांगू करत चौदा दिवस गेले. चौदाव्या दिवशी दुरुस्तीचा कागद पाठवला, तोवर पुढची ऑर्डर दुसरीकडे गेली होती. त्याचं पेमेंट अडकलं. दिवाळी तोंडावर होती, गाळ्यात तीन कामगार होते, त्यांना त्या वर्षी बोनस देता आला नाही. हे मला त्याच्याकडून नाही, त्याच्या एका कामगाराकडून पुढे कळलं.

तो आज इथे आहे. नाव घेऊ नकोस, असं त्यानं सकाळीच बजावलंय. नाव घेत नाही. पण तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो, चूक मीटरची नव्हती, मालाची नव्हती, माझी होती. ती मापाची चूक रात्रीत सापडली. नंतरचे चौदा दिवस मात्र कुठल्याच मर्यादेत बसत नाहीत. मला माफ कर.

त्यानंतर मी मुद्दाम कॅलिब्रेशनच्या कामात शिरलो. तिथे जे शिकलो त्यातलं तुमच्या घरी उपयोगी पडेल असं थोडं सांगतो.

पहिली गोष्ट, जास्त अंक म्हणजे जास्त अचूक नव्हे. आपल्या ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ आठवतं? त्याला सेकंदकाटा होता, आणि ते चार मिनिटं पुढे होतं. सेकंदापर्यंत दाखवायचं, पण चुकीचं दाखवायचं. मामा त्यावरच घंटा द्यायचे, म्हणून आपली मधली सुट्टी लवकर व्हायची आणि कोणाची तक्रार नव्हती. बाजारात स्वस्त मीटर भरपूर अंक दाखवतात. त्यांचं पुस्तक उघडून टक्के आणि डिजिट बघा, मगच अंक मोजा.

दुसरी, रेंज. साध्या मीटरवर टॉर्चचा सेल तपासताना २०० व्होल्टची रेंज लावलीत आणि अचूकता अर्धा टक्का अधिक ३ डिजिट असेल, तर चूक ०.३ व्होल्ट होते. दीड व्होल्टच्या सेलला ०.३ म्हणजे नवा की संपलेला हेच कळणार नाही. तोच सेल २ व्होल्टच्या रेंजवर मोजा, चूक ०.०१ व्होल्टवर येते. फक्त बटण फिरवल्यानं सुमारे तीसपट फरक.

तिसरी, बारीक अक्षरं. पुस्तकात अचूकतेखाली बहुधा लिहिलेलं असतं : २३ अंश सेल्सिअस, पाच अंश कमी-जास्त, एक वर्षापर्यंत. म्हणजे शब्द दिलाय तो १८ ते २८ अंशांपुरता. त्याच्या बाहेर दर अंशाला मूळ चुकीच्या एक दशांशाची भर, असं अनेक मीटरांच्या पुस्तकात असतं. आपला चंद्रपूरचा मित्र मे महिन्यात ४५ अंशांत उघड्यावर काम करतो. २८ च्या वर सतरा अंश. म्हणजे मूळ चूक अधिक तिच्या १.७ पट, एकूण २.७ पट. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत साखळी जोडलेलं प्रमाणपत्र असलं, तरी मीटरला ऊन लागतंच.

चौथी गोष्ट लोडशेडिंगच्या दिवसांतली. शेजारच्या काकांनी इन्व्हर्टर घेतला, मीटर लावला तर २५५ व्होल्ट. ते म्हणाले, टीव्ही जळेल, परत करतो. मी माझा मीटर लावला, २३०. काकांचा मीटर बिघडलेला नव्हता. साधे मीटर एसी दाबाची सरासरी मोजतात आणि तिला १.११ नं गुणून आकडा दाखवतात. लाइनची वीज लाटेसारखी असते, तिच्यासाठी हा गुणाकार बरोबर आहे. त्या इन्व्हर्टरची वीज लाटेऐवजी चौकोनी होती. तिथे तोच गुणाकार केला की आकडा अकरा टक्के फुगतो. २३० चे २५५. ज्या मीटरवर 'ट्रू आरएमएस' लिहिलंय तो ही चूक करत नाही. काकांच्या मीटरच्या पुस्तकात 'साइन वेव्हसाठी' असे शब्द होते. काकांनी इन्व्हर्टर ठेवला, आणि वहिनींच्या हातचे पोहे मला मिळाले.

आता तुमचा सगळ्यांचा प्रश्न, जो कालपासून सात जणांनी विचारलाय : वीज बिल जास्त येतं, मीटर पळतो का?

घरच्या मीटरवर बारकाईनं बघा, बऱ्याच मीटरवर 'क्लास १' लिहिलेलं असतं. ही टक्केवारी मात्र पूर्ण डायलची नाही, प्रत्यक्ष वापराची आहे. ५-३० ॲम्पिअरचा मीटर असेल तर साधारण अर्ध्या ॲम्पिअरपासून तीस ॲम्पिअरपर्यंत, प्रमाणित परिस्थितीत, एक टक्का. अगदी कमी भारावर थोडी जास्त सूट असते. म्हणजे तीनशे युनिटला तीन युनिट इकडे-तिकडे. बिल दुप्पट आलं असेल तर त्याचं कारण क्लासमध्ये सापडणार नाही. रीडिंग चुकीचं नोंदलं गेलंय का, गिझर रात्रभर चालू राहिला का, फ्रीजचं रबर फाटलंय का ते बघा. मीटर खरंच बिघडू शकतो, आणि अर्ज करून तो तपासून घेता येतो.

त्याआधी घरी एक सोपी परीक्षा करा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असा काही आकडा असतो. घरातलं सगळं बंद करा, फक्त १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. एका तासात ०.१ युनिट, म्हणजे ३२० वेळा लुकलुक, साधारण दर ११ सेकंदांनी एक. सहा सेकंदांनी लुकलुकत असेल तर नक्की तक्रार करा. दहा सेकंदांनी लुकलुकला तर मात्र मला फोन करू नका. बल्बवरचे १०० वॅट हाही अंदाजच असतो आणि घरचा दाब २३० च असेल असं नाही. या परीक्षेनं मीटर दुप्पट पळतो का हे कळेल, एक टक्क्यानं पळतो का हे कळणार नाही. साधनाला झेपेल तेवढाच प्रश्न विचारायचा.

शेवटी थोडं आपल्याबद्दल. आपल्यालाही आकडे लावले गेले होते. कोणाला ८७.४२ टक्के, कोणाला विज्ञानात ३३. दशांशानंतर दोन अंक! गुरुजनांविषयी पूर्ण आदर ठेवून विचारतो, त्या परीक्षेच्या कोपऱ्यात कुठला आकडा होता? ३३ आणि ३५ यांतला फरक सांगण्याइतकी ती अचूक होती का? काल रात्री मी हे सरांना विचारलं. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तेव्हा कोणी विचारलं नाही रे. विचारायला हवं होतं, आम्हीसुद्धा." ज्याला ३३ मिळाले त्यानंच मला ते पुस्तक वाचायला सांगितलं, हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते हसले.

मोजू नये असं मी म्हणत नाही. माझं पोट त्यावरच चाललंय. आकडा हवाच. पण आकडा वाचला की त्याच्या शेजारी एक प्रश्न लिहायची सवय ठेवा : हा किती चुकू शकतो, आणि कुठल्या परिस्थितीत? डॉक्टरांचा रिपोर्ट असो, नातवाचं प्रगतिपुस्तक असो, नाहीतर नव्या पोरानं टेबलावर बसून नाकारलेला चाळीस नगांचा माल असो.

प्रयोगशाळेचं ते कपाट काल बघून आलो. कुलूप नवं आहे. आतला एक व्होल्टमीटर अजून तोच आहे, काचेला तडा गेलाय. कोपऱ्यातला २.५ स्पष्ट वाचता येतो. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी घेऊन तो मी घेऊन जातोय. तपासून, किती चुकतो त्याचा कागद जोडून, महिन्याभरात परत पाठवीन. चौदा दिवसांत जमलं तर तेव्हाच. कपाटावर एक पाटी लावावी अशी माझी विनंती आहे. त्यावर सरांचे तीन शब्द लिहावेत : इतकं सरळ कसं?